एक-शून्य-शून्य

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खालच्या गाळ्यात बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनायची. मशीन चालू असली की आमच्या टेबलांना बारीक थरथर लागायची, आणि नवीन माणसाला पहिले दोन दिवस वाटायचं की आपल्यालाच चक्कर येतेय. आम्ही लहान नर्सिंग होमसाठी सॉफ्टवेअर बनवायचो. त्यातला माझ्या वाट्याचा भाग म्हणजे एडिटर, म्हणजे डॉक्टर ज्यात टाइप करतात ती खिडकी. पेशंटला घरी सोडताना डॉक्टर औषधं इंग्रजीत भरतात, मग पेशंटची भाषा निवडतात, आणि मराठी, हिंदी, गुजराती किंवा उर्दूत सूचनांचा कागद तयार होतो. तो एडिटरमध्ये दिसतो, एखादा शब्द बदलायचा तर बदलता येतो, आणि मग छापला जातो. हा एडिटर मी लिहिलेला नव्हता. ज्याने लिहिला तो नोकरी सोडून गेला आणि त्याचं काम माझ्याकडे आलं.

एका सकाळी तक्रारींमध्ये एक फोटो येऊन पडला होता. घाटकोपरच्या एका नर्सिंग होमने पाठवलेला. उर्दूत छापलेला कागद, चार घड्या पडून मऊ झालेला, एका कोपऱ्यावर तेलाचा डाग. खाली रिसेप्शनवरच्या कुणीतरी लिहिलं होतं, ‘पेशंट पार्टी म्हणते डोस उलटा छापलाय. आम्हाला बरोबर वाटतो, कारण उर्दू उजवीकडून वाचतात. तरी एकदा चेक करा.’

मला उर्दूचं एक अक्षरही वाचता येत नव्हतं. पण डोसच्या ओळीतलं औषधाचं नाव इंग्रजीत होतं आणि आकडेही इंग्रजी होते. ०-०-१.

ज्या घरात कुणी आजारी पडलंय त्या घरात हे आकडे सगळ्यांना कळतात. पहिला सकाळचा, मधला दुपारचा, शेवटचा रात्रीचा. १-०-१ म्हणजे सकाळी एक, रात्री एक. बाबांच्या शेवटच्या आजारपणात आमच्या फ्रिजवर असाच कागद चिकटवलेला असायचा, आणि आई चष्मा न लावताही त्यावरून गोळ्या काढायची, कारण तिला फक्त आकड्यांची जागा बघायची असायची.

मी नर्सिंग होमच्या नोंदीत तो पेशंट शोधला. डॉक्टरांनी भरलेलं होतं १-०-०. सकाळी एक.

मी रिसेप्शनला फोन लावला. तिथल्या मुलीने माझं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. ‘मॅडम, ती बाई इथेच बसलीय, रोज येते, तुम्हीच सांगा तिला समजावून,’ म्हणत तिने फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दिला.

‘हॅलो,’ पलीकडून बाईचा आवाज आला. ‘तुम्ही कॉम्प्युटरवाल्या का?’

‘हो.’

‘मला एकच सांगा. ही गोळी सकाळची का रात्रीची?’

चांगलं स्वच्छ मराठी होतं तिचं. मी म्हटलं, ‘डॉक्टरांनी सकाळची लिहिलीय.’

‘आणि माझ्या हातातल्या कागदावर?’

मी तिच्या कागदाचा फोटो पुन्हा बघितला. ती थांबून राहिली. मग म्हणाली, ‘पाण्याची गोळी आहे ती. पायावरची सूज उतरायला. मी अम्मीला रोज रात्री दिली. रात्रीतून चार-चार वेळा उठायची ती बाथरूमला. एकदा अंधारात पडली. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता हे म्हणतात मला वाचता येत नाही. मी उर्दू शाळेत शिकलेय, मॅडम. आकडे आम्ही पण डावीकडूनच वाचतो.’

‘मी तपासून सांगते,’ मी म्हटलं.

‘सांगा,’ ती म्हणाली, आणि स्वतःचा नंबर दिला. तिने तो दोनदा सांगितला, सावकाश, मी नक्की लिहून घेतेय ना याची खात्री करत.

फोन ठेवल्यावर मी पाणी प्यायला उठले आणि पाणी न पिताच परत येऊन बसले.

एडिटर उघडला. उर्दू निवडली, तीच ओळ भरली, १-०-० टाकलं. पडद्यावर ०-०-१ आलं. मला आधी वाटलं माझंच बोट चुकलं. पुसून परत टाकलं. पुन्हा तेच. बाणाचं बटण दाबून एकेका आकड्यावरून जायला लागले, तर कर्सर उजवीकडे जायच्या ऐवजी डावीकडे उडी मारायचा, मधेच थबकायचा, आणि परत भलतीकडेच उगवायचा. मग तेच आकडे उचलून मी दुसऱ्या साध्या फायलीत चिकटवले. तिथे सरळ, १-०-०. म्हणजे आत साठवलेलं बरोबर होतं, पण डोळ्याला दिसत होतं ते उलटं, आणि छापलं जात होतं तेही उलटंच.

कारण शोधायला दुपार झाली. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते, पण तिच्यातली संख्या डावीकडून उजवीकडेच लिहितात. त्यामुळे प्रत्येक चिन्ह कुठल्या दिशेने मांडायचं हे कॉम्प्युटरला ठरवावं लागतं. अक्षरांना स्वतःची दिशा असते. आडव्या छोट्या रेघेला मात्र स्वतःची अशी दिशा नसते, ती आजूबाजूला बघून ठरते. उर्दू शब्दाच्या मागोमाग १-०-० आलं की कॉम्प्युटर त्याला एक संख्या धरत नाही. तीन सुटे आकडे आणि मधे दोन रेघा असं धरतो, आणि सुटे तुकडे उर्दूच्या रीतीने उजवीकडून मांडत जातो. रेघेऐवजी तिरकी रेघ असती तर हे झालं नसतं. आकडे औषधाच्या इंग्रजी नावाला लागून आले असते तरीही झालं नसतं. कागदाच्या आधीच्या नमुन्यात ते तसेच येत होते. पण मधे कुणीतरी कागद जास्त स्पष्ट व्हावा म्हणून औषधाचं नाव आणि आकडे यांच्यामध्ये ‘खुराक’ हा उर्दू शब्द घातला, आणि त्या दिवसापासून आकडे उलटायला लागले.

माझ्या बाजूच्या टेबलावर आमची टेस्टर बसायची. आम्ही दोघी एकाच वर्षी लागलेल्या, डबा एकत्र खाणाऱ्या. मी तिला खुर्चीसकट ओढून माझ्या पडद्यासमोर आणलं.

‘अगं पण हे आपण टेस्ट केलं होतं ना?’ ती म्हणाली. ‘मी स्वतः केलं होतं. थांब, दाखवते तुला.’

तिने जुन्या चाचण्या उघडल्या. उर्दूच्या नमुन्यात तिने वेगवेगळे डोस टाकून बघितले होते. १-०-१. १-१-१. ०-१-०. सगळ्यांपुढे हिरवी खूण.

आम्ही दोघी ते बघत राहिलो. तिन्ही डोस दोन्ही बाजूंनी सारखेच होते. कसेही उलटले तरी तेच दिसणार होते.

‘वाट लागली,’ ती हळूच म्हणाली. मग थोड्या वेळाने, जरा चिडून, ‘मला कुठे उर्दू येते यार?’

यात उर्दूचा प्रश्न नव्हता हे तिलाही कळलं होतं. तिने खुर्ची मागे सरकवली आणि स्वतःच्या जागेवर जाऊन बसली. त्या दिवशी तिने डबा उघडला नाही.

सरांना मी लगेच सांगितलं. सर म्हणजे कंपनीचे मालक. वाईट माणूस नाही. कुणाच्या घरी आजारपण असलं की पहिली सुट्टी तेच द्यायचे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, माझ्या लॅपटॉपवर स्वतः टाइप करून बघितलं.

‘पण हे तर स्टँडर्डप्रमाणेच होतंय ना?’ ते म्हणाले. ‘जगात सगळीकडे असंच दिसतं. आपला कोड चुकलाय असं म्हणता येणार नाही.’

‘सर, कागद वाचणाऱ्याला रात्रीची गोळी दिसते.’

‘उजवीकडून वाचलं तर सकाळची दिसते.’

‘आकडे कुणीच उजवीकडून वाचत नाही.’

‘नर्सिंग होमने काय म्हटलंय? त्यांना बरोबर वाटतंय.’ त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. ‘हे बघ, तू दुरुस्त कर. आजच लाग. पण कुणाला लिहून काही द्यायचं नाही. त्या बाईला फोन करायचा नाही. ते नर्सिंग होमचं काम आहे, आपलं गिऱ्हाईक ते आहेत. समजतंय ना मी काय म्हणतोय?’

मला समजत होतं. मी मान डोलावली आणि कामाला लागले. त्या वेळी मला बरंही वाटलं, हे कबूल करते. कोड माझ्या हातातला होता, आणि तो दुरुस्त करण्यात मला कुणाशी बोलायला लागणार नव्हतं.

पहिला उपाय सोपा होता. सगळी ओळच डावीकडून उजवीकडे सक्तीने मांडायची. आकडे सरळ झाले. पण उर्दूचा पूर्णविराम, ती छोटी आडवी रेघ, वाक्याच्या भलत्या टोकाला जाऊन बसली, आणि औषधाचं नाव आणि त्याच्या पुढचे-मागचे शब्द यांची अदलाबदल झाली. मला वाचता येत नव्हतं तरी काहीतरी विस्कटलंय एवढं दिसत होतं. तो काढून टाकला.

दुसरा उपाय जास्त हुशारीचा वाटला. डोसच्या आधी आणि नंतर न दिसणारी चिन्हं घालायची. ती कॉम्प्युटरला सांगतात की यांच्यामधलं सगळं एकत्र धर, फोडू नकोस. पडद्यावर झकास दिसलं. मी टेस्टरला बोलावलं. तिने या वेळी मुद्दाम वाकडे डोस टाकले, १-०-०, ०-०-१, २-१-०, १-१-०. सगळे सरळ. मग ती म्हणाली, ‘आता डॉक्टरसारखं करते. डोस बदलते.’ तिने शेवटचं शून्य पुसलं, आणि त्याच्या पुढचं काहीतरी पुसायला बटण अजून एकदा दाबलं. त्या एका दाबाने न दिसणाऱ्या चिन्हांपैकी एक उडालं आणि दुसरं तसंच राहिलं. पुढची सगळी ओळ कोसळल्यासारखी इकडची तिकडे झाली. न दिसणारी गोष्ट माणूस नकळत पुसणारच, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तिच्या आलं.

‘आता पकडलं,’ ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

शेवटी मी मजकुराला हातच लावायचा नाही असं ठरवलं. मजकूर डॉक्टरने जसा भरला तसाच राहील. एडिटर तो पडद्यावर काढताना आणि छापताना बघेल, की अशा रेघांनी जोडलेले तीन आकडे आले, तर तो एक अखंड तुकडा धरायचा आणि डावीकडून उजवीकडे काढायचा. कर्सरही त्या तुकड्यातून सरळच चालेल. हे करायला आठवडा गेला. कारण तारखाही त्याच रेघांनी लिहिलेल्या असतात, आणि त्याही गेले कित्येक महिने उलट्या छापल्या जात होत्या हे तेव्हा लक्षात आलं.

दुरुस्त केलेला एडिटर सगळ्या नर्सिंग होमना पाठवला गेला. सोबतच्या सूचनेत मी लिहिलं होतं की अमुक नमुन्यातले उर्दू डोस उलटे छापले गेले आहेत, दिलेले कागद परत मागवून नवीन द्यावेत. सरांनी ते खोडून लिहिलं, ‘डोसचे आकडे आता अधिक स्पष्ट दिसतील.’ माझ्यासमोरच खोडलं. मी म्हटलं, ‘सर, हे बरोबर नाही.’ ते म्हणाले, ‘उद्या वकिलाची नोटीस आली तर हे ऑफिस चालणार नाही. तुम्हा सगळ्यांचं मी काय करू मग, सांग.’ आजही ते बोलणं मला अगदीच खोटं वाटत नाही.

उर्दूचा नमुना वापरणारी नर्सिंग होम फार नव्हती. मी ऑफिसच्या बाहेर जिन्यात उभं राहून माझ्या फोनवरून एकेकाला फोन केला. कुणी ‘हो हो, बघतो’ म्हणालं. कुणी म्हणालं की आमच्याकडे एवढे उर्दूवाले येतच नाहीत. गोवंडीच्या एका डॉक्टरीणबाईंनी मात्र नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हणजे आत्तापर्यंत दिलेले कागद?’

‘ते शोधायला लागतील.’

‘शोधणार कसे? लोक घर बदलतात, नंबर बदलतात.’ ‘बरं. सापडतील तेवढे बघते.’

त्या दिवसांत मला दुसरं काही सुचत नव्हतं. घरी मुलुंडला भाजी चिरताना, मेट्रोत बसलेली असताना, मनात एकच चित्र यायचं. कुठल्यातरी घरात कपाटाच्या दाराला चिकटवलेला कागद, आणि कुणीतरी रोज रात्री त्यात बघून विश्वासाने गोळी काढतंय. किती घरं, ते मला कधीच कळणार नव्हतं.

त्या बाईचा नंबर माझ्याकडे होताच. ‘तपासून सांगते’ म्हटलं होतं. मी ते टाळत राहिले. एका शनिवारी ऑफिसला सुट्टी होती तेव्हा फोन लावला.

‘तुमचं बरोबर होतं,’ मी म्हटलं. ‘कागद उलटा छापला गेला होता. तुम्ही बरोबर वाचलंत.’

तिच्या मागे मुलं पाढे म्हणत होती. ती घरी शिकवण्या घ्यायची हे नंतर कळलं. तिने त्यांना गप्प केलं.

‘हे माझ्या भावाला सांगाल?’ ती म्हणाली.

‘फोन द्या ना.’

‘फोनवर नाही. त्याला पटणार नाही. तो म्हणेल मीच कुणालातरी बोलायला लावलं. तुम्ही घरी या.’

घरी जायचं म्हणजे सरांनी नाही म्हटलेल्या गोष्टीपेक्षा बरंच पुढे जायचं होतं. मी दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन गेले.

देवनारला म्युनिसिपल कॉलनीच्या मागच्या एका इमारतीत त्यांचं घर. दार तिनेच उघडलं. माझ्याच वयाची, चष्मा, ओढणी डोक्यावरून घेतलेली. मूळचे रत्नागिरीकडचे, तीन पिढ्या मुंबईत. आम्ही मालवणकडचे म्हटल्यावर ती पहिल्यांदा जराशी हसली, पण तेवढंच. वारा फिरला होता, तिने जाऊन कचरा डेपोच्या बाजूची खिडकी लावून घेतली. भाऊ आधीच येऊन बसला होता. तो तिच्याहून मोठा, बायकापोरांबरोबर घाटकोपरला वेगळा राहायचा, एसी दुरुस्तीचा धंदा. इंग्रजी शाळेत शिकलेला, त्याला उर्दू बोलता यायची पण वाचता येत नव्हती. त्यामुळे नर्सिंग होमने जेव्हा सांगितलं की हे उजवीकडून वाचायचं असतं, तुमच्या बहिणीने उलटं वाचलं, तेव्हा त्याने ते मानलं. बहिणीशी तो तेव्हापासून धड बोलत नव्हता, हे तिने मला फोनवरच सांगून ठेवलं होतं.

अम्मी खाटेवर बसल्या होत्या, उशीला टेकून. बाजूला वॉकर. बारीक, गोऱ्या, हाताला मेंदी उतरत चाललेली. ‘बस ग पोरी,’ म्हणाल्या.

मी बसले. चहा आला. भावाने सरळ विचारलं, ‘तुम्ही कोण? हॉस्पिटलकडून आलात का?’

‘नाही. तो कागद ज्या सॉफ्टवेअरमधून निघतो ते आम्ही बनवतो.’

‘मग?’

मी लॅपटॉप उघडून त्याच्याकडे वळवला. एडिटरची जुनी आवृत्ती मी मुद्दाम ठेवली होती. म्हटलं, ‘तुम्ही टाइप करा. एक, रेघ, शून्य, रेघ, शून्य.’

त्याने एका बोटाने टाइप केलं. त्याच्या डोळ्यांसमोर ते उलटं झालं. त्याने पुसलं आणि पुन्हा टाइप केलं, जसं मी पहिल्या दिवशी केलं होतं. तिसऱ्यांदाही केलं.

‘म्हणजे कागदच चुकीचा होता?’

‘हो.’

‘ते उजवीकडून वाचायचं म्हणाले ते?’

‘आकडे उर्दूतही डावीकडूनच वाचतात. तुमच्या बहिणीने वाचलं तसंच कुणीही वाचलं असतं.’

ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ‘मी हेच सांगत होते,’ ती म्हणाली. भावाकडे न बघता.

मला वाटलं होतं तो तिच्याकडे वळेल. तो माझ्याकडे वळला. ‘मग तुम्ही लोक करत काय होता? छापायच्या आधी कुणी बघत नाही? उर्दू आहे म्हणून कोण बघतंय, असंच ना?’

‘आमच्याकडे कुणाला वाचता येत नव्हतं,’ मी म्हटलं. हे बोलल्यावर मला माझीच लाज वाटली. माझं उत्तर त्याने विचारलेल्यापेक्षा काही वेगळं नव्हतं.

तो उठला, गॅलरीत जाऊन उभा राहिला. आमच्याकडे पाठ करून.

अम्मी इतका वेळ नुसत्या ऐकत होत्या. आता त्यांनी लेकीला विचारलं, ‘म्हणजे ती गोळी रात्रीची नव्हतीच?’

‘नव्हती, अम्मी.’

‘मी तर पाणी पिणंच कमी केलं होतं,’ त्या म्हणाल्या. ‘संध्याकाळपासून घोटभर पण घ्यायची नाही. म्हटलं उठायला नको सारखं, हिची झोप मोडते. कुणाला बोलले नाही मी.’ मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, ‘सकाळी घेतली असती तर पडले नसते का ग मी?’

त्या खोलीत आम्ही तिघी होतो आणि गॅलरीत चौथा, आणि सगळे माझं उत्तर ऐकायला थांबलेले होते. ‘नाही, पडला नसतात’ असं मी म्हणाले असते तर खोटं ठरलं नसतं कदाचित. पण मला माहीत नव्हतं.

‘माहीत नाही मला,’ मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. माझ्या कपातला चहा थंड झालाय म्हणून त्या लेकीवर जराशा ओरडल्या, आणि दुसरा करून आण म्हणाल्या. मी नको नको म्हणत असतानाच ती आत गेली. खूप वेळ बाहेर आली नाही. नळ चालू असल्याचा आवाज येत राहिला.

निघताना भाऊ गॅलरीतून आत आला आणि म्हणाला, ‘मी हॉस्पिटलमध्ये जाणार आहे. तुमचं नाव सांगू?’

मी क्षणभर विचार केला. ‘सांगा,’ म्हटलं.

तो गेला. तिथे काय बोलणं झालं हे मला ठाऊक नाही, पण दोन दिवसांनी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ओरडले नाहीत. ‘तुला सांगितलं होतं,’ एवढंच म्हणाले. नर्सिंग होमच्या मालकांनी सगळं खापर आमच्यावर फोडून हात झटकले होते, आणि तसं करण्यात ते पूर्ण चुकीचे होते असंही नाही. नोटीस आली नाही. माझी नोकरीही गेली नाही. पण एडिटरचं काम हळूहळू माझ्याकडून काढलं गेलं, मला बिलिंगचं काम दिलं गेलं, आणि सर त्यानंतर माझ्याशी कामापुरतं बोलायला लागले. टेस्टर मैत्रीण मात्र आता प्रत्येक भाषेच्या चाचणीत वाकडे डोस घालते. कुणी सांगितलं नाही तरी घालते.

महिन्याभराने त्या बाईचा फोन आला. अम्मीला तपासणीला नेलं होतं, नवीन कागद मिळाला होता. ‘तुम्ही दुरुस्त केलं म्हणाला होतात ना?’

‘केलंय. का, परत उलटं आलं?’

‘उलटं नाही. उर्दूच नाही. इंग्रजीत दिलाय. मी विचारलं तर म्हणाले, उर्दू बंद केली, झंझट नको.’

मी त्या नर्सिंग होममध्ये गेले. आता ते माझं कामही राहिलं नव्हतं, तरी गेले. रिसेप्शनच्या मुलीला त्यांच्याच कॉम्प्युटरवर उर्दू चालू करून दाखवली, १-०-० सरळ येतंय ते दाखवलं, तारीखही दाखवली. तिने कौतुकाने बघितलं. ‘सरांना सांगते,’ म्हणाली. तिच्यामागे खुर्च्यांवर पेशंट बसले होते, त्यात बुरख्यातल्या दोन म्हाताऱ्या होत्या, आणि त्यांच्या हातात इंग्रजी कागद. उर्दू त्यांनी पुढे कधी चालू केली का, हे मी विचारलं नाही. गोवंडीच्या डॉक्टरीणबाई उर्दू वापरतात, एवढं मला माहीत आहे.

अम्मींच्या लेकीचा मधूनमधून फोन येतो. अम्मी आता काठी घेऊन घरातल्या घरात चालतात. मागच्या वेळी मी धीर करून विचारलं, ‘भाऊ काही बोलला का तुमच्याशी? त्याबद्दल?’

‘नाही,’ ती म्हणाली. ‘पण आता रोज सकाळी कामावर जायच्या आधी येतो. घाटकोपरवरून. गोळ्या तोच काढून देतो अम्मीला, मला हात लावू देत नाही.’

हे तिला बरं वाटत होतं की टोचत होतं, तिच्या आवाजावरून मला ओळखता आलं नाही. मी विचारणार तेवढ्यात तिची शिकवणीची मुलं आली आणि तिने फोन ठेवला.